अमेरिकन क्रांतीतले राजनिष्ठ: राजाच्या बाजूने राहिलेल्यांचं पुढे काय झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध (१७७५ ते १७८३) आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमातही आहे. चहाच्या पेट्या, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, वॉशिंग्टन, यॉर्कटाउन आणि मग प्रजासत्ताक. या क्रमात एक मोठा समाज कुठेच दिसत नाही. त्याच वसाहतींत जन्मलेले, तिथेच शेती-व्यापार केलेले आणि तरीही राजा तिसरा जॉर्ज याच्याशी इमान राखणारे हे लोक होते. त्यांच्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगते. या लोकांना जमावाने छळलं हे खरं, पण त्यांचे संसार मोडले ते कायद्याने. शपथा, नावांच्या याद्या आणि लिलाव यांनी जे केलं ते डांबराच्या पिंपाला जमलं नसतं.

राजनिष्ठ म्हणजे सगळे श्रीमंत आणि सरकारी अधिकारीच होते का?

नाही. हा समज त्यांच्या विरोधकांनी पसरवला आणि तो टिकला. गव्हर्नर, जकात अधिकारी आणि बडे व्यापारी त्यांच्यात होतेच. पण नॉर्थ कॅरोलिनात नुकतेच येऊन वसलेले स्कॉटिश हायलँडर होते, हडसन नदीच्या खोऱ्यातली काही कुळं होती, चर्च ऑफ इंग्लंडचे पाद्री होते, सुतार, लोहार, खानावळवाल्या बायका होत्या. मालकाकडून पळून ब्रिटिश छावणीत आलेले हजारो गुलाम होते. मोहॉकांसारखी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची राष्ट्रंही होती. त्यांना राजाचं प्रेम नव्हतं, आपली जमीन वाचवायची होती.

"एक तृतीयांश लोक राजनिष्ठ होते" हे खरं आहे का?

हे वाक्य जॉन अ‍ॅडम्सच्या नावावर खपवलं जातं. त्याने १८१५ मध्ये लिहिलेल्या ज्या पत्रातून ते उचलतात, तिथे तो अमेरिकनांचा फ्रेंच राज्यक्रांतीकडे पाहण्याचा कल सांगत होता. आज इतिहासकार साधारणपणे गोऱ्या लोकसंख्येच्या १५ ते २० टक्के हा अंदाज मानतात, म्हणजे चार-पाच लाख माणसं. त्यातल्या १९,००० च्या आसपास पुरुषांनी ब्रिटिशांच्या बाजूने उभारलेल्या पलटणींत नोकरी केली. उरलेला मोठा वर्ग कुठल्याच बाजूचा नव्हता. ज्याचं सैन्य गावात येईल त्याला धान्य द्यावं आणि दार लावून घ्यावं, असा त्याचा व्यवहार होता.

त्यांनी राजाची बाजू का धरली?

एकच कारण शोधू नका. पाद्र्यांनी दीक्षा घेताना राजनिष्ठेची शपथ घेतलेली असे आणि रोजच्या प्रार्थनेत राजासाठी प्रार्थना असे. ती गाळणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने शपथभंग, आणि म्हणणं म्हणजे नव्या सरकारच्या दृष्टीने गुन्हा. पेनसिल्व्हेनियाचा जोसेफ गॅलोवे १७७४ च्या पहिल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, बसला होता. संसदेचे कर त्यालाही खुपत होते. वसाहतींची स्वतःची संसद असावी आणि साम्राज्यही टिकावं, अशी योजना त्याने मांडली होती. ती थोडक्यात बारगळली. क्वेकर पंथीयांना कुठलंच युद्ध मान्य नव्हतं. आणि व्हर्जिनियातल्या गुलामाला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापेक्षा, "बंडखोर मालकाला सोडून आमच्याकडे लढायला या, मोकळे व्हाल" हे तिथला शाही गव्हर्नर लॉर्ड डनमोर याचं नोव्हेंबर १७७५ चं फर्मान जास्त उपयोगाचं वाटलं. यात नवल काय?

डांबर फासून पिसं चिकटवणं हे खरंच होत होतं का?

होत होतं, आणि त्याची जी गमतीदार चित्रं आपण पाहतो ती फसवी आहेत. वापरलं जायचं ते पाईनच्या झाडाचं डांबर. आजच्या रस्त्याच्या डांबरापेक्षा कमी उष्णतेला ते पातळ होई, तरी उघड्या अंगावर ओतल्यावर कातडी भाजायची आणि काढताना सोलून निघायची.

बोस्टनचा जकात अधिकारी जॉन माल्कम याला २५ जानेवारी १७७४ च्या कडाक्याच्या थंडीत घरातून ओढून काढलं, कपडे उतरवून डांबर-पिसं लावली आणि गाडीवर घालून तासन्‌तास गावभर फिरवलं. गव्हर्नरला शिव्या दे म्हणून चाबकाने फोडलं आणि फाशी देण्याची धमकीही दिली.

जॉर्जियातल्या ऑगस्टाजवळचा थॉमस ब्राउन याचं प्रकरण त्याहून भयंकर आहे. इंग्लंडहून येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. २ ऑगस्ट १७७५ रोजी क्रांतिकारकांचा घोळका त्याच्या दारात आला आणि ब्रिटिश मालावरच्या बहिष्काराच्या करारावर सही कर म्हणाला. त्याने नकार दिला. बंदुकीच्या दस्त्याने त्याची कवटी फोडली, झाडाला बांधून तळव्यांखाली जाळ केला, डोक्याचे केस कातडीसकट काढले. पायाची दोन बोटं गेली. तो जगला, आणि पुढची सहा-सात वर्षं राजाच्या घोडदळाचा सेनानी म्हणून त्याच सीमेवर लढला. त्याच्या क्रौर्याच्या कहाण्या दक्षिणेत पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या तळव्यांखालच्या जाळाचा उल्लेख मात्र त्यांत क्वचित असतो.

जमाव सोडला, तर सरकारने काय केलं?

इथे खरी गोष्ट सुरू होते. प्रत्येक राज्याने निष्ठेची शपथ आणली. पेनसिल्व्हेनियाचा जून १७७७ चा कायदा नमुना म्हणून पाहा. १८ वर्षांवरच्या प्रत्येक गोऱ्या पुरुषाने राजाशी नातं तोडल्याची शपथ घ्यायची. न घेतल्यास मतदान नाही, पद नाही, ज्यूरीत जागा नाही. बुडालेल्या कर्जासाठी कोर्टात जाता येणार नाही, जमीन घेता-विकता येणार नाही, घरातली बंदूक जप्त. शपथेचा दाखला खिशात नसताना परगण्याबाहेर पकडला गेलात तर तुरुंग.

क्वेकर लोक धर्माने कुठलीच शपथ घेत नाहीत. त्यांच्यासाठी साध्या प्रतिज्ञेची सोय ठेवली होती, पण एक सरकार उलथून दुसऱ्याशी निष्ठा जाहीर करणं हेच त्यांच्या सदसद्‌विवेकाला पटत नव्हतं. सप्टेंबर १७७७ मध्ये फिलाडेल्फियातल्या २० जणांना, त्यांतले बहुतेक क्वेकर, आरोपपत्र नाही की सुनावणी नाही, असंच उचलून व्हर्जिनियातल्या विंचेस्टरला नेऊन ठेवलं. न्यायालयाने त्यांना हजर करा म्हटल्यावर विधानसभेने कायदा करून तो मार्गच बंद केला. दोघे तिथेच वारले. बाकीचे १७७८ च्या एप्रिलमध्ये घरी परतले.

यानंतर याद्या आल्या. मॅसॅच्युसेट्सने १७७८ मध्ये सुमारे ३०० लोकांची नावं छापून त्यांना हद्दपार केलं. एकदा परत आला तर पुन्हा बाहेर काढायचं, दुसऱ्यांदा आला तर मृत्युदंड. न्यूयॉर्कने ऑक्टोबर १७७९ मध्ये ५९ जणांना खटल्याशिवाय देशद्रोही ठरवलं, त्यांत तीन बायका होत्या. पेनसिल्व्हेनियाच्या याद्यांत तर जवळपास ५०० नावं होती. दिलेल्या तारखेपर्यंत हजर झाला नाहीस तर तू दोषी, असा त्यांचा कारभार.

माणसाचा गुन्हा विधिमंडळाने नाव घेऊन ठरवायचा, ही पद्धत अमेरिकेने पुढे स्वतःच मोडीत काढली. १७८७ च्या राज्यघटनेत असे कायदे करायला काँग्रेसलाही बंदी आहे आणि राज्यांनाही. कलम एक, विभाग नऊ आणि दहा. त्या दोन ओळींमागे हे युद्ध आहे, असं मला ठामपणे वाटतं.

त्यांना कुठे डांबून ठेवायचे?

गावचा तुरुंग, गोदाम, मित्राचं घर, जिथे जागा असेल तिथे. सर्वात कुप्रसिद्ध म्हणजे कनेटिकटमधल्या सिम्सबरीची तांब्याची जुनी खाण, न्यूगेट तुरुंग. शिडीने जमिनीखाली उतरायचं आणि ठिबकत्या दगडाखाली झोपायचं. १७७५ पासून राजनिष्ठ कैदी तिथे धाडले जात होते. ती जागा आज ईस्ट ग्रॅनबी गावात जतन केलेली आहे.

किती जणांना फाशी दिलं?

फ्रेंच क्रांतीसारखी गिलोटिनची रांग इथे नव्हती, हे मान्य करायलाच हवं. न्यायालयीन फाश्या कमी झाल्या. पण झाल्या त्या लोकांच्या मनात बसल्या. ब्रिटिशांनी फिलाडेल्फिया सोडल्यावर अब्राहम कार्लाइल आणि जॉन रॉबर्ट्स या दोन क्वेकरांवर देशद्रोहाचे खटले चालले. ज्यूरीतल्या लोकांनी स्वतः दयेचे अर्ज केले, तरी ४ नोव्हेंबर १७७८ ला दोघांना फासावर चढवलं.

कोर्टाबाहेरच्या फाश्या दक्षिणेत जास्त. ७ ऑक्टोबर १७८० ची किंग्ज माउंटनची लढाई जवळजवळ सगळी अमेरिकन विरुद्ध अमेरिकन होती. राजाच्या बाजूला एकटा मेजर पॅट्रिक फर्ग्युसन तेवढा ब्रिटनहून आलेला. तो पडल्यावर, शरण येऊ पाहणाऱ्यांवरही गोळ्या सुटत राहिल्या. आठवड्याभराने कैद्यांमधल्या तिसाहून जास्त जणांना घाईघाईच्या पंचायतीत दोषी ठरवलं आणि नऊ जणांना लटकवलं.

घरं-जमिनी कशा गेल्या? त्या कुणाला मिळाल्या?

नोव्हेंबर १७७७ मध्ये काँग्रेसने राज्यांना शिफारस केली की राजनिष्ठांच्या मालमत्ता जप्त करून विका आणि पैसा युद्धाला लावा. सगळ्या राज्यांनी कमी-जास्त प्रमाणात तसं केलं. जप्ती अधिकारी नेमले, यादी केली, लिलाव पुकारला. कागदी चलनाचा भाव रोज पडत असल्याने सरकारच्या हाती अपेक्षेपेक्षा फारच कमी पडलं. मोक्याच्या जागा पैसेवाल्यांनी आणि सत्तेजवळच्या माणसांनी उचलल्या.

न्यूयॉर्कमध्ये चित्र थोडं वेगळं होतं. फ्रेडरिक फिलिप्स तिसरा याची हडसनकाठची जहागीर सुमारे ५०,००० एकरांची. ती तुकडे पाडून विकली तेव्हा जमीन कसणाऱ्या कुळांना खरेदीचा पहिला हक्क दिला, आणि २८७ जण मालक झाले. कसेल त्याची जमीन हे सूत्र आपल्याला ओळखीचं आहे. त्या कुळांच्या घरात हा दिवस सणाचा असणार, यात शंका नाही. एकाच लिलावात एका घराण्याचं सर्वस्व जातं आणि पावणेतीनशे घरांना पहिल्यांदा स्वतःची माती मिळते. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि म्हणून हा विषय "चांगले-वाईट" अशा दोन खणांत बसत नाही.

नवरा राजनिष्ठ, पण बायकोचं काय?

तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र अस्तित्व नव्हतं. तिच्या माहेरच्या जमिनीचा कारभारही नवऱ्याकडे. त्यामुळे त्याच्या गुन्ह्यात तिचं घर जायचं.

ग्रेस ग्राउडन गॅलोवेचं उदाहरण तिच्या स्वतःच्या रोजनिशीमुळे फार जवळून दिसतं. जोसेफ गॅलोवे ब्रिटिशांबरोबर मुलीला घेऊन निघून गेला. वडिलांकडून आलेली इस्टेट वाचावी म्हणून ग्रेस फिलाडेल्फियातच राहिली. ऑगस्ट १७७८ मध्ये जप्ती अधिकारी आले. त्यांचा म्होरक्या होता चार्ल्स विल्सन पील, वॉशिंग्टनची चित्रं काढणारा तोच चित्रकार. ती म्हणाली, हे माझं घर आहे, बळजबरी केल्याशिवाय मी बाहेर पडणार नाही. पील म्हणाला, बाईचा हात धरून बाहेर काढायची माझी ही पहिली वेळ नव्हे. आणि त्याने तिचा हात धरून तिला दाराबाहेर आणलं. गाडी तयार होती. तिच्यापर्यंत पोचवायची पीलची मदत मात्र तिने नाकारली. पुढची साडेतीन वर्षं ती भाड्याच्या खोल्यांत राहिली, जुन्या मैत्रिणींच्या घरी चहाला गेली, वकिलांना पत्रं लिहिली. १७८२ मध्ये ती वारली. नवरा आणि मुलगी तिला परत दिसले नाहीत. जप्ती फक्त नवऱ्याच्या हयातीपुरतीच टिकू शकत होती, म्हणून त्याच्या मृत्यूनंतर ती इस्टेट अखेर तिच्या वारसांकडे आली. ग्रेसचा हट्ट फुकट गेला नाही, एवढं तरी म्हणता येतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये १८०५ साली याच प्रश्नावर निकाल लागला. अ‍ॅना मार्टिन नवऱ्याबरोबर निघून गेली म्हणून तिची वारसाहक्काची जमीन जप्त झाली होती, मुलाने दावा लावला. न्यायाधीशांनी जमीन परत दिली, पण कारण काय दिलं? बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळायचीच असते, त्यामुळे तिला राज्याशी द्रोह करण्याएवढी स्वतंत्र इच्छाच नसते. जमीन मिळाली, आणि बाईला मत नसतं हेही कोर्टाने लिहून ठेवलं.

बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा राजनिष्ठ होता म्हणतात. खरं का?

खरं. पतंगाच्या प्रसिद्ध प्रयोगात बापाच्या मदतीला असलेला विल्यम फ्रँकलिन न्यू जर्सीचा शाही गव्हर्नर होता. जून १७७६ मध्ये त्याला अटक झाली आणि कनेटिकटला नेलं. तिथून तो गुपचूप ब्रिटिशांच्या वतीने माफीपत्रं वाटतो हे उघडकीला आल्यावर लिचफिल्डच्या तुरुंगात आठ महिने एकांतवास. पत्नी एलिझाबेथ न्यूयॉर्कमध्ये मरणपंथाला लागली होती. तिला भेटू द्या, असा अर्ज त्याने केला. वॉशिंग्टनने तो सहानुभूतीने पुढे पाठवला, काँग्रेसने फेटाळला. जुलै १७७७ मध्ये ती गेली. बेंजामिन त्या वेळी पॅरिसमध्ये होता. १७८५ मध्ये साउदॅम्प्टनला बापलेकांची शेवटची भेट झाली, त्यातही मुख्यतः जमिनीचे व्यवहार उरकले गेले. मृत्युपत्रात बेंजामिनने मुलाला जवळजवळ काही ठेवलं नाही, आणि युद्धातली त्याची भूमिका हेच कारण दिलं.

राजनिष्ठांनी अत्याचार केले नाहीत का?

केले, आणि ते झाकून या विषयावर बोलणं अप्रामाणिक ठरेल. नोव्हेंबर १७७८ मध्ये न्यूयॉर्कच्या सीमेवर चेरी व्हॅलीत राजनिष्ठ पलटण आणि इरोक्वाय (मोहॉकांसह सहा मूळ राष्ट्रांचा संघ) योद्धे यांनी ३० हून जास्त निःशस्त्र माणसं मारली, त्यांत बायका-मुलं बहुसंख्य. एप्रिल १७८२ मध्ये, युद्ध संपत आलेलं असताना, न्यू जर्सीचा कॅप्टन जोशुआ हडी याला राजनिष्ठांच्या एका संघटनेच्या टोळीने कैदेतून नेऊन फासावर टांगलं. त्यांच्या एका माणसाच्या खुनाचा तो सूड होता. त्या संघटनेचा अध्यक्ष होता विल्यम फ्रँकलिन. एकांतवासातून आणि बायकोच्या मरणातून गेलेला माणूस. हे समर्थन नव्हे. पण ही माणसं समजून घ्यायची तर दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवाव्या लागतात.

ब्रिटिशांनी त्यांना वाऱ्यावर सोडलं का?

बऱ्याच अंशी हो. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण येताना कॉर्नवॉलिसने मागणी केली की माझ्याकडच्या अमेरिकनांना शिक्षा होऊ नये. वॉशिंग्टनने ते कलम नाकारलं. मात्र बोनेटा नावाचं एक जहाज तपासणीविना न्यूयॉर्कला जाऊ दिलं, आणि काहीजण त्यातून निसटले. हे दोघांनाही ठाऊक होतं.

३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिस तहात पाचवं कलम आहे: मालमत्ता परत कराव्यात अशी काँग्रेस राज्यांना "कळकळीने शिफारस" करील. शिफारस! काँग्रेसला राज्यांवर सक्ती करताच येत नव्हती, आणि हे लंडनलाही माहीत होतं. सहाव्या कलमाने नव्या जप्त्या बंद व्हायच्या होत्या, तेही अनेक ठिकाणी पाळलं गेलं नाही. त्याचंच कारण पुढे करून ब्रिटिशांनी डेट्रॉइट, नायगारा ही ठाणी १७९० च्या दशकापर्यंत सोडली नाहीत.

एका माणसाने मात्र शब्द पाळला. न्यूयॉर्कचा ब्रिटिश सेनापती गाय कार्लटन. जायचंय म्हणणाऱ्या प्रत्येकाला जहाज मिळेपर्यंत शहर सोडणार नाही, असं त्याने कळवलं आणि २५ नोव्हेंबर १७८३ पर्यंत ते खरं केलं.

ते गेले कुठे?

सुमारे ६०,००० माणसं बाहेर पडली, आणि गोऱ्या मालकांनी सुमारे १५,००० गुलाम बरोबर ओढून नेले. लोकसंख्येच्या तुलनेत हे प्रमाण हजारी २४ धरतात. फ्रेंच क्रांतीत ते हजारी ५ होतं.

निम्म्याहून जास्त लोक नोव्हा स्कोशियाला गेले. शेलबर्न हे गाव खडकाळ किनाऱ्यावर एका वर्षात १०,००० वस्तीचं झालं आणि दशकभरात बहुतांश ओस पडलं, कारण जमीन पिकत नव्हती. लोकसंख्या एवढी वाढली की १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांत काढावा लागला. कुटुंबप्रमुखाला १०० एकर आणि घरातल्या प्रत्येक माणसामागे ५० एकर जंगल मिळे. झाडं तोडायची ती स्वतः. पश्चिमेकडे जे गेले त्यांच्यामुळे १७९१ मध्ये अप्पर कॅनडा, म्हणजे आजचं ओंटारिओ, उभं राहिलं. टोरोंटो, ब्रॅम्प्टनकडच्या मराठी वाचकांनी प्रांताच्या चिन्हावरचं लॅटिन ब्रीद पाहिलं असेल. "जशी आरंभी निष्ठावान, तशीच कायम" असा त्याचा अर्थ, आणि तो याच लोकांबद्दल आहे.

दक्षिणेकडच्यांचे हाल वेगळे. सव्हाना आणि चार्ल्सटन १७८२ मध्ये रिकामं झाल्यावर हजारो लोक ईस्ट फ्लोरिडाला गेले, घरं बांधली, आणि तहात तो प्रांतच स्पेनला दिला गेला. पुन्हा गाठोडी. जॉर्जियाची एलिझाबेथ जॉन्स्टन तरुण वयातच सव्हाना, चार्ल्सटन, सेंट ऑगस्टीन, एडिंबरा, जमैका आणि अखेर नोव्हा स्कोशिया अशी फिरली. वाटेत मुलं जन्मली आणि काही गेलीही.

काळ्या राजनिष्ठांना कबूल केलेलं स्वातंत्र्य मिळालं का?

मिळालं, पण अर्धंमुर्धं. मे १७८३ मध्ये वॉशिंग्टन कार्लटनला भेटला आणि पळालेले गुलाम परत मागितले. त्याचेही काही त्यांत होते. कार्लटन म्हणाला, ज्यांना आम्ही स्वातंत्र्याचं वचन दिलं त्यांना परत देणं हा विश्वासघात होईल. नंतर भरपाईचा प्रश्न आलाच तर असावी म्हणून एक वही ठेवली: नाव, वय, वर्णन, जुना मालक, जहाज. सुमारे ३,००० नावं त्यात आहेत. एक नाव हॅरी वॉशिंग्टनचं, माउंट व्हर्नन या वॉशिंग्टनच्या मळ्यावरून पळालेला.

नोव्हा स्कोशियात त्यांना सर्वात वाईट जमीन, तीही उशिरा, आणि अनेकांना मिळालीच नाही. कमी मजुरीत काम करतात म्हणून चिडून जुलै १७८४ मध्ये बेकार गोऱ्या शिपायांनी शेलबर्नमध्ये त्यांची घरं पाडली. छळ सोसून आलेल्यांनीच हे केलं. १५ जानेवारी १७९२ रोजी सुमारे १,२०० जण १५ जहाजांतून हॅलिफॅक्स सोडून सिएरा लिओनला गेले आणि त्यांनी फ्रीटाउन वसवलं. तिथेही वसाहत चालवणाऱ्या ब्रिटिश कंपनीने जमिनीवर कर लावला. १८०० मध्ये त्याविरुद्ध उठाव झाला आणि त्यात सामील म्हणून हॅरी वॉशिंग्टनला हद्दपार केलं.

मोहॉक आणि इतर मूळ राष्ट्रांचं काय?

पॅरिसच्या तहात त्यांचं नावसुद्धा नाही. १७७९ मध्ये जनरल सलिव्हनच्या सैन्याने इरोक्वायांची ४० च्या आसपास गावं आणि उभी पिकं जाळली होती. युद्धानंतर त्यांचा प्रदेश त्यांना न विचारता अमेरिकेला देऊन टाकला. थायेंडनेगिया ऊर्फ जोसेफ ब्रँट याने धरणं धरल्यासारखा पाठपुरावा केला, तेव्हा ऑक्टोबर १७८४ मध्ये ओंटारिओतल्या ग्रँड नदीच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैलांचा पट्टा मिळाला. त्यातला फार थोडा आज त्यांच्या हाती आहे, आणि त्याचे वाद अजून चालू आहेत.

भरपाई मिळाली का?

१७८३ मध्ये ब्रिटिश संसदेने आयोग नेमला. ३,२२५ दावे ऐकले गेले, २,२९१ मंजूर झाले. मागणी १ कोटी पौंडांच्या वर, दिले सुमारे ३० लाख. आधी निष्ठा सिद्ध करायची, मग नुकसान, तेही शपथेवर आणि साक्षीदारांनिशी. बुडालेली येणी आणि व्यापारातला तोटा धरत नसत.

साडेचारशेहून जास्त दावे बायकांचे होते. त्यांतल्या अनेकींना शेत किती एकर, किंमत किती, नवऱ्याची कर्जं किती हे सांगता येत नव्हतं, कारण त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. घरातली भांडी, पलंग, कापड यांची यादी मात्र त्या तंतोतंत देत. काळ्या दावेदारांना बहुधा काहीच मिळालं नाही. तुम्ही गुलामगिरीतून सुटलात हेच नशीब समजा, असा शेरा आयोगाच्या कागदांत आहे.

जे राहिले किंवा परत आले त्यांना स्वीकारलं गेलं का?

बहुसंख्य राजनिष्ठ कुठेच गेले नाहीत, हे विसरू नये. पहिली काही वर्षं कठीण गेली. नंतर राग हळूहळू निवला. न्यूयॉर्कने युद्धकाळात घरं वापरल्याबद्दल राजनिष्ठांवर खटले भरायला मुभा देणारा कायदा केला होता. १७८४ मध्ये अशाच एका मद्यभट्टीच्या खटल्यात राजनिष्ठाची बाजू मांडायला उभा राहिला तो वॉशिंग्टनचा जुना साहाय्यक अलेक्झांडर हॅमिल्टन. तहाचा शब्द मोडू नका आणि व्यापार हाकलून लावू नका, असं त्याचं म्हणणं, आणि निकाल बराचसा त्याच्या बाजूने लागला. पेनसिल्व्हेनियाने शपथेचे कायदे १७८९ मध्ये गुंडाळले. राजनिष्ठ म्हणून १७७५ मध्ये पकडलेला पाद्री सॅम्युअल सीबरी अमेरिकन एपिस्कोपल चर्चचा पहिला बिशप झाला. राजाच्या पलटणीत लढलेला फिलिप बार्टन की पुढे अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून आला.

या सगळ्याचा मराठ्यांच्या इतिहासाशी काही संबंध आहे का?

थोडा, पण खरा. यॉर्कटाउनचा कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन इकडे आला. टिपूविरुद्धच्या युद्धात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या मित्रपक्षात होत्या. त्याच मोहिमेत सॅम्युअल ऑकमुटी होता, न्यूयॉर्कच्या राजनिष्ठ पाद्र्याचा मुलगा. घरदार गेलेल्या अशा कुटुंबांतल्या मुलांना कंपनीची नोकरी हा एक रस्ता होता. अमेरिकन सैन्य सोडून ब्रिटिशांना मिळालेला सेनापती बेनेडिक्ट अर्नल्ड, त्याचे दोन मुलगेही भारतातच वारले. १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांच्या वेढ्यात दिल्लीचा रेसिडेंट असलेला डेव्हिड ऑक्टरलोनी बोस्टनचा. त्याला राजनिष्ठ निर्वासित म्हणता येणार नाही, कारण १७७७ मध्येच तो कंपनीचा कॅडेट होऊन आला होता. यशवंतरावांच्या पदरी काही काळ राहिलेला विल्यम गार्डनर न्यूयॉर्क वसाहतीत ब्रिटिश अधिकाऱ्याच्या घरी जन्मला होता.

मूळ कागद कुठे पाहता येतात?

भरपाई आयोगाचे दावे लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, एओ १२ आणि एओ १३ या मालिकांत आहेत. १७८३ ची काळ्या राजनिष्ठांची वहीही तिथेच, आणि नोव्हा स्कोशियाच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर तिच्यात नावाने शोध घेता येतो. ती उघडलीत तर वर्णनाचा रकाना जरूर वाचा. "धडधाकट", "झिजलेली", "अंगावर मूल" असे दोन-तीन शब्द प्रत्येक नावापुढे आहेत.